भाड्याच्या भांड्यांची वही

साताऱ्यात मोती चौकाच्या मागे एका गल्लीत आमचे भाड्याने भांडी देण्याचे दुकान आहे. आजोबांनी ते १९३८ साली सुरू केले. दहा बाय वीसची खोली, वर माळा आणि मागे परस. जमिनीपासून तुळईपर्यंत भांडीच भांडी. पितळी तपेली, घंगाळी, जर्मनची मोठी पातेली, पराती, झारे, पळ्या, वगराळी, पाण्याची पिंपे, पन्नास-पन्नास ताटांच्या थप्प्या आणि पोत्यांत भरलेल्या वाट्या. कोपऱ्यात जाजमे आणि सतरंज्यांच्या वळकट्या. गावातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मुंजी, लग्ने, बारशी आणि तेराव्याची जेवणेसुद्धा आमच्या पातेल्यांत शिजली. चातुर्मासात दुकान पेंगत असे आणि तुळशीची लग्ने लागली की खडबडून जागे होई. मग थेट आषाढापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसे.

कोणते भांडे कोणाकडे गेले, कधी आले, पैसे पोचले की नाही, हे सगळे एका वहीत असे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्याने शिवलेली वही. या वहीतला मजकूर संगणकात भरण्याचा उद्योग मी १९९४-९५ साली केला. त्या वेळी मला ती निव्वळ कारकुनी वाटली होती. वहीतले उचलायचे आणि यंत्रात ओतायचे, यात अवघड ते काय? ते किती अवघड होते आणि कुठे होते, हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

आधी वही कशी चाले ते सांगायला हवे. आमची वही ही रोजकीर्द होती. म्हणजे माणसे ज्या क्रमाने दुकानात आली, त्या क्रमाने नोंदी. फेब्रुवारीत कोणी येऊन मे महिन्यातल्या लग्नासाठी भांडी सांगून गेला, तर ती नोंद फेब्रुवारीच्या पानावर पडे. दुकानदाराला मात्र प्रश्न पडतो तो उलटा. मे महिन्यातल्या अमुक तारखेला माझी कोणकोणती भांडी बाहेर असणार? हे वहीला विचारायचे तर मागची तीन-चार महिन्यांची सगळी पाने चाळावी लागतात. म्हणून बाबांनी एक तोड काढली होती. दुकानाच्या भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले असे. नोंद वहीत झाली की बाबा शिसपेन्सिलीने त्या तारखेच्या चौकोनात ती थोडक्यात उतरवत. 'पा ४, ता ३००' म्हणजे मोठी पातेली चार, ताटे तीनशे. मुहूर्ताच्या दिवसांचे चौकोन इतके गिजबिजून जात की खालची तिथी दिसत नसे.

१९९४ च्या मे महिन्यात या व्यवस्थेने दगा दिला. फेब्रुवारीत एक लग्न नोंदले गेले त्या दिवशी बाबा तापाने घरी होते. नोंद गड्याने घेतली. वहीत लिहिली, पण कॅलेंडरवर चढवायची राहून गेली. एप्रिलमध्ये त्याच तारखेचे दुसरे लग्न आले. बाबांनी चौकोन पाहिला, त्यात जागा होती, त्यांनी शब्द दिला. शंभर-शंभर पानांचा भात होईल अशी आमच्याकडे चारच पातेली. ती लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी एका घरी रवाना झाली. संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या घरचे, मुलीचे मामा, टेम्पो घेऊन दारात उभे.

बाबांनी वही काढली. फेब्रुवारीचे पान सापडले. ते पाहिल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी अजून विसरलेलो नाही. सायकल काढून ते रात्री अकरापर्यंत फिरले. एका देवळातून दोन तपेली मिळाली, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून तीन पातेली, उरलेली ओळखीच्या घरांतून. चार पातेल्यांचा भात नऊ लहान भांड्यांत शिजला. आचाऱ्याने शिव्या घातल्या आणि पहिली पंगत दीड तास उशिरा बसली. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि एवढेच म्हणाले, "तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती." बाबांनी भाडे घेतले नाही. त्यानंतर आठवडाभर ते घरात कोणाशी धड बोललेही नाहीत.

मी नुकताच बी.कॉम. होऊन पुण्यात सहा महिन्यांचा संगणकाचा अभ्यासक्रम करून आलो होतो. वय बावीस. मी म्हटले, हे काम संगणकाचे आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून जुना '३८६' संगणक आणला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, फ्लॉपी आत सरकवायची खाच आणि करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आईने त्याच्यासाठी जुन्या साडीचे झाकण शिवले. बाबांनी एकच प्रश्न विचारला. "यात काय लिहिलंय ते तुला विचारल्याशिवाय मला वाचता येईल का?"

मी म्हटले, "शिकलात तर येईल."

"मग मी शिकेपर्यंत वही चालू ठेवतो," ते म्हणाले.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. मी 'फॉक्सप्रो'मध्ये एकच भलीमोठी सारणी बनवली. एका ओळीत ग्राहकाचे नाव, पत्ता, तारीख आणि पुढे प्रत्येक भांड्याला एक रकाना. पातेली, पराती, ताटे, वाट्या असे करत साठाच्या वर रकाने झाले. बारशाला कोणी दोन सतरंज्या नेल्या तरी बाकीचे सगळे रकाने रिकामे ठेवून ओळ भरायची. नवीन प्रकारचा चमचा दुकानात आला की सारणीच बदलायची. शिवाय वर्षात तीनदा येणाऱ्या ग्राहकाचा पत्ता तीनदा लिहायचा. त्याने घर बदलले की कोणता पत्ता खरा, ते कळायला मार्ग नाही.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला एक मित्र सुटीला आला होता. त्याने ते पाहिले आणि स्वयंपाकघरातून आईचा मिसळणाचा डबा आणला. "काकूंनी मोहरी, हळद, जिरं एकाच वाटीत ठेवलं असतं तर?" मग त्याने कागदावर चार चौकोन काढले. एका चौकोनात फक्त ग्राहक, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्यात फक्त भांड्यांचे प्रकार आणि आपल्याकडे ते किती आहेत. तिसऱ्यात ऑर्डर, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या ग्राहकाने कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सांगितली. चौथ्यात त्या ऑर्डरीतले एकेक भांडे आणि नग. चारही वेगळे, पण क्रमांकाच्या धाग्याने एकमेकांना बांधलेले.

ही कल्पना त्या मित्राची नव्हती, हे मला पुढे वाचनात कळले. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली ती एका निबंधात मांडली होती. माहिती यंत्रात कुठे आणि कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये. ती साध्या सारण्यांत असावी आणि हवा तो प्रश्न हव्या त्या बाजूने विचारता यावा, असे त्याचे म्हणणे. आज बँकांचे आणि रेल्वे आरक्षणाचे व्यवहार ज्या पद्धतीच्या सारण्यांवर चालतात, त्याच पद्धतीवर आमच्या वाट्या आणि पराती जाऊन बसल्या. वहीला एकच क्रम असतो, लिहिण्याचा. सारणीला क्रम नसतो. तारखेने विचारा, नावाने विचारा, पातेल्याने विचारा. मे महिन्यात बाबांची जी फजिती झाली तिचे उत्तर हे होते.

चौकोन झाले, आता माहिती भरायची. जुन्या सगळ्या वह्या भरणे शक्य नव्हते. शेवटची तीन वर्षे घ्यायची ठरली. रोज रात्री जेवणे झाली की ताई वही वाचून दाखवी आणि मी टंकलेखन करी. पहिली अडचण अक्षरांची. देवनागरीत काम करण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड मिळे. त्याचे मूळ काम आयआयटी कानपूरमध्ये झालेले. पण ते घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून नावे रोमन लिपीत. 'चव्हाण' हे एक आडनाव ताईने वाचले की मी ते तीन रात्री तीन तऱ्हांनी लिहीत असे आणि संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी घराणी होत.

ही अडचण यंत्राची. दुसरी अडचण वहीची होती आणि ती जास्त खोल होती. वहीत नावे अशी होती: 'पवार मास्तर', 'शाळेमागचे पवार', 'मास्तरांचा धाकटा', 'नळाजवळचे'. ही चार माणसे की एक घर? ताई बाबांना हाक मारी. बाबा माजघरातून सांगत, "तिघं एकच. नळाजवळचे वेगळे." कुठे भांड्यांची यादीच नसे. नुसते लिहिलेले असे, 'नेहमीप्रमाणे'. नेहमीप्रमाणे म्हणजे काय? बाबा क्षणाचाही विचार न करता सांगत. "दोन पातेली, एक परात, साठ ताटं, दीडशे वाट्या. त्यांच्याकडे श्रावणात सत्यनारायण असतो." अशा कितीतरी नोंदी निघाल्या. हळूहळू माझ्या ध्यानात आले की वहीत निम्माच मजकूर आहे. उरलेला निम्मा बाबांच्या डोक्यात आहे आणि वही ही त्या डोक्याला आठवण करून देणारी खूण आहे. मी जी वही यंत्रात भरायला निघालो होतो, ती एकटी अशी अस्तित्वातच नव्हती. बाबा शेवटी रोज रात्री आमच्याजवळ येऊन बसू लागले. तीन महिन्यांत काम झाले. एकदा मध्येच वीज गेली आणि फायलींची सूची बिघडून दोन रात्रींचे श्रम वाया गेले. पण एकूण झाले.

मग चुका सापडू लागल्या. त्यातली एक आठवण्यासारखी आहे. आमच्याकडे ताटे चारशे. १० ते १२ तारखेपर्यंत एका घरी दीडशे दिलेली, १३ ते १५ दुसऱ्या घरी दोनशे. तिसऱ्याला ११ ते १४ या दिवसांसाठी दोनशे हवी होती. संगणक म्हणाला, शिल्लक पन्नास. बाबा म्हणाले, "तुझं यंत्र चुकतंय." आणि यंत्र चुकतच होते, म्हणजे मी चुकत होतो. मधल्या दिवसांशी टेकणाऱ्या सगळ्या ऑर्डरींची मी बेरीज करत होतो, दीडशे अधिक दोनशे. पण ती ताटे एकाच दिवशी बाहेर नव्हतीच. पहिली बारा तारखेला परत येणार, दुसरी तेराला जाणार. प्रत्येक दिवसाचा हिशेब वेगळा धरला तर कोणत्याही दिवशी निदान दोनशे ताटे दुकानात होती. बाबांनी हे भिंतीवरच्या चौकोनांकडे पाहून तोंडी सांगितले. मला त्यासाठी कार्यक्रम नव्याने लिहावा लागला.

दुसरी चूक गमतीची. परत आलेली भांडी नेलेल्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, असा नियम मी घातला होता. पहिल्याच लग्नानंतर दीडशे वाट्या गेल्या आणि एकशे बावन्न आल्या. पडद्यावर चुकीचा इशारा. पंगतीत घरची भांडी भाड्याच्या भांड्यांत मिसळतात, हे मला माहीत असायला हवे होते. अशा पाहुण्या भांड्यांसाठी दुकानात एक फळी होती. वाटीवर ठोकलेले नाव वाचून बाबा ती ज्याची त्याला पोचवत. वहीत त्यासाठी वेगळा नियम नव्हता. बाबा फक्त लिहीत, 'दोन जास्त आल्या.'

एक गोष्ट मात्र बाबांना मनापासून आवडली. फॉक्सप्रोमध्ये नोंद खोडली तरी ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर खोडल्याची खूण लागते आणि मुद्दाम साफसफाईची आज्ञा देईपर्यंत ती वाचता येते. "हे बरं आहे," बाबा म्हणाले. "वहीतपण खोडलेलं वाचता आलं पाहिजे, नाहीतर हिशेबावर विश्वास कोण ठेवणार?"

१९९५ ची लग्नसराई एकही घोटाळा न होता पार पडली. कोणती भांडी वर्षभर माळ्यावर पडून असतात, कोणती कमी पडतात, हे प्रथमच आकड्यांत दिसले. पंगती कमी होऊन बुफे वाढू लागला होता. पितळी घंगाळी पडून होती आणि खणांची ताटे पुरत नव्हती. आम्ही ताटे वाढवली. त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू लागले.

आणि नेमक्या त्याच दिवाळीनंतर मी ती चूक केली.

वहीत काही नोंदींच्या समासात एक लहान वर्तुळ असे आणि त्याच्या मधोमध टिंब. माहिती भरताना मी ताईला विचारले होते, "हे काय?" नोंदींपुढे पैसे जमा झाल्याचे लिहिलेले नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी ठरवले की हे थकबाकीचे चिन्ह. बाबांना विचारायचे राहिले. इतके काही विचारत होतो, त्यात हे एक स्वच्छ दिसणारे चिन्ह विचारावेसे वाटले नाही. मी 'बाकी' नावाचा रकाना केला आणि वर्तुळ दिसेल तिथे 'होय' भरले.

दिवाळीनंतर पतसंस्थेचा हप्ता आला. मी संगणकाला विचारले, कोणाकोणाकडे बाकी आहे? क्षणात यादी आली. तीन वर्षांतल्या एकेचाळीस नोंदी, तेवीस घरे. मला फार हुशारी वाटली. एकेक पोस्टकार्ड प्रिंटरमध्ये सरकवून मी तेवीस स्मरणपत्रे छापली. 'आपणाकडे खालील रक्कम येणे आहे, तरी कृपया आठ दिवसांत...' बाबांना न सांगता पेटीत टाकली. वसूल झाल्यावर सांगून त्यांना चकित करायचे होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक वयस्कर बाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात ते कार्ड होते. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि नोटा-नाणी फळीवर मांडली. सत्तावीस रुपये. "पोस्टमननं वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, माफ करा." त्यांचा कमावता मुलगा दीड वर्षापूर्वी गेला होता. सत्तावीस रुपये हे त्याच्या तेराव्याला नेलेल्या भांड्यांचे भाडे होते.

बाबा गल्ल्यावर होते. त्यांनी कार्ड वाचले. उभे राहून त्या बाईंना हात जोडले, पैसे त्यांच्या हातात परत ठेवले आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यादी दे."

ते वर्तुळ थकबाकीचे नव्हते. 'या घरी मागायचे नाही' असा त्याचा अर्थ होता. तेवीस घरे. कुठे आजारपण, कुठे गिरणी बंद पडून मुंबईहून परतलेला माणूस, कुठे हुंड्याच्या कर्जात बुडालेला बाप. बाबा दोन दिवस सायकलवरून त्या घरी जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पोस्टकार्ड उघडे असते. ते वाटेत किती जणांनी वाचले असेल, याचा हिशेब मी त्या रात्री पडल्या पडल्या करत होतो.

तिसऱ्या रात्री मी बाबांना म्हटले, "चूक माझी आहे. मी 'माफ' असा एक वेगळा रकाना करतो. म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नको. वहीत ते विखुरलेलं आहे. ज्याला बघायचंय त्याला तीन वर्षांची पानं उलटावी लागतील. तुझ्या यंत्रात एक बटण दाबलं की गावातल्या नडलेल्या घरांची यादी बाहेर येईल. आज इथे तू बसतोस. उद्या कोण बसेल?"

"मग काय लिहू?"

"जमा झाले असं लिही. आणि तेवढी रक्कम आपल्या घरच्या खात्यात नावे टाक. हिशेबात खोट नको."

मी तसेच केले. एकेचाळीस नोंदी जमा झाल्या आणि आमच्या घरखात्यावर तेवढी रक्कम नावे पडली. त्यानंतर संगणकाला कोणीही कितीही विचारले तरी त्या घरांची यादी निघाली नसती, कारण ती तिथे नव्हतीच.

या गोष्टीवर मी पुढे पुष्कळ विचार केला. वही विखुरते आणि संगणक गोळा करतो. मे महिन्यातल्या दोन लग्नांच्या नोंदी वहीत दोन महिन्यांच्या अंतरावर पडल्या होत्या. त्या एकत्र आल्या नाहीत म्हणून एका मुलीच्या लग्नात भात उशिरा झाला. संगणकाने तशा नोंदी एकत्र आणल्या आणि आमची अब्रू राखली. त्याच गुणाने त्याने तेवीस घरांच्या अडचणी एकत्र आणल्या आणि त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही कामे सारखीच. काय गोळा व्हावे आणि काय विखुरलेलेच राहावे, हे ठरवणारा माणूस दुकानात असायला हवा. मी ते ठरवलेच नव्हते. वहीत दिसले ते सगळे भरत सुटलो होतो.

बाबांनी स्वतःची वही मात्र कधीच बंद केली नाही. संगणक थोडाफार वाचायला शिकले, तरीही नाही. मला ते हट्टाचे वाटे. १९९९ सालच्या डिसेंबरात तो हट्ट कामी आला. पुढच्या फेब्रुवारीतल्या एका लग्नाची ऑर्डर आली आणि मी नेहमीप्रमाणे वर्षाचे शेवटचे दोन आकडे भरले, '००'. आमच्या कार्यक्रमाने त्याचा अर्थ १९०० असा घेतला. खरे तर फायलीत वर्षाचे चारही आकडे साठवायची सोय होती, पण दोनच आकडे भरले की यंत्र पुढे मुकाट्याने '१९' लावी. ती ऑर्डर शंभर वर्षे मागे जाऊन पडली आणि येणाऱ्या ऑर्डरींच्या यादीतून नाहीशी झाली. त्या सुमारास सगळ्या जगात बँका आणि विमान कंपन्या याच दोन आकड्यांच्या धास्तीने कामाला लागल्या होत्या. आमच्याकडे ती चूक बाबांच्या शिसपेन्सिलीने पकडली. त्यांनी २००० सालचे नवे कॅलेंडर टांगून फेब्रुवारीचा चौकोन भरून ठेवला होता. "तुझ्या यादीत हे लग्न का नाही?" त्यांनी विचारले, आणि १९९४ ची पुनरावृत्ती टळली.

तो '३८६' पुढे दोन-चार वर्षांत निकामी झाला. नोंदी फ्लॉपींवर उतरवून ठेवल्या होत्या. साताऱ्याच्या पावसाळ्यांनी त्यांच्यावर बुरशी चढवली. त्या पद्धतीच्या फायली उघडणारे कार्यक्रम आजही मिळतात, पण फ्लॉपीच वाचता आली नाही तर उघडणार काय? १९९५ ते २००२ या काळातले जे काही आज आमच्याकडे आहे, ते बाबांच्या वह्यांत आहे.

बाबा गेले त्याला बरीच वर्षे झाली. मध्यंतरी घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरून आजोबांच्या वह्यांचे गाठोडे खाली आले. त्या मोडीत आहेत. आजोबांच्या पिढीतले हिशेब लिहिणारे अनेक जण मोडीच वापरत. पुढे शाळांतून ती गेली आणि आमच्या घरात ती वाचणारे कोणी उरले नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे आता ती संगणकावर लिहिता येते. पण वाचायला माणूसच लागतो. मोडीचे वर्ग घेणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांना सहज म्हणून पहिली वही दाखवली. चाळता चाळता मला समासात ओळखीचे काही दिसले. लहान वर्तुळ, मधोमध टिंब.

म्हणजे ती खूण बाबांची नव्हती. त्यांना ती आजोबांकडून आली होती.

मी शिक्षकांना ते दाखवले. त्यांनी मागे जात जात वहीचे पहिले पान उघडले. 'श्री' लिहिल्यावर खाली चार-पाच ओळी होत्या. वहीत वापरलेल्या खुणा आणि प्रत्येकीचा अर्थ. ही खूण म्हणजे भांडे पोचले, ही म्हणजे कल्हईला गेले. शेवटी ते वर्तुळ, आणि त्यापुढे शब्द: 'या घरी मागू नये.'

मी १९९५ साली जे बाबांना विचारायला विसरलो, ते आजोबांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवले होते. खुणेचा अर्थ लिहिला होता, घरांची यादी कुठेही केली नव्हती.

दुकान आता ताईचा मुलगा पाहतो. ऑर्डर मोबाइलवर येते, भांड्यांचे फोटो जातात, पैसे फोनवरच जमा होतात. गेल्या वर्षी त्याने नवा कार्यक्रम घेतला. मुदत उलटली की तो ग्राहकाला आपोआप आठवणीचा संदेश पाठवतो. भाचा मला कौतुकाने दाखवत होता. मी त्याला मोडीतले ते पान दाखवले आणि सत्तावीस रुपयांची गोष्ट सांगितली. त्याने फारसे काही म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने ते 'आपोआप' बंद केले. आता महिन्यातून एकदा नावे त्याच्यासमोर येतात. तो आणि ताई मिळून एकेक नाव वाचतात. कधी ताई म्हणते, "हे राहू दे." मग ते नाव जमेत जाते आणि रक्कम घरखात्यावर नावे पडते.